विज्ञानकथात्मक युद्धखेळांतील वंशकल्पना
दूरच्या भविष्यकाळात व अंतराळात घडणाऱ्या कल्पित युद्धांवर आधारलेल्या आणि लघुमूर्ती, फासे व मोजपट्टी यांच्या साहाय्याने मेजावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क, गॉब्लिन यांसारखे मानवेतर वंश नव्या नावांनी व नव्या वेषांत वावरताना दिसतात. हे वंश मूळचे विज्ञानकथेतील नव्हेत. उत्तर यूरोपातील पुराणकथा व लोककथा यांतून ते विसाव्या शतकातील अद्भुतिकेत, म्हणजे सामान्यतः फँटसी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साहित्यप्रकारात आले आणि तेथून खेळांत शिरले. ह्या उसनवारीचे सर्वांत विस्तृत व प्रभावी उदाहरण म्हणजे गेम्स वर्कशॉप ह्या ब्रिटिश संस्थेने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला वॉरहॅमर ४०,००० हा खेळ होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याचाच विचार केलेला आहे. उसना घेतलेला वंश केवळ वेषांतर करून अंतराळात आणला, तर तो निर्जीव राहतो. त्याच्या स्वभावाला त्या विश्वातच एखादे कारण लाभले आणि ते कारण खेळाच्या नियमांतही उतरले, तर त्याला स्वतंत्र अस्तित्व प्राप्त होते, असे ह्या खेळाच्या वाटचालीवरून दिसते. तथापि असे कारण पुरविण्याची नैतिक किंमतही द्यावी लागते आणि ती सर्व वंशांच्या बाबतीत सारखी नाही.

युद्धखेळाची परंपरा जुनी आहे. भारतीय चतुरंगापासून परिणत झालेल्या यूरोपीय बुद्धिबळाचा विस्तार करून हेलविग ह्याने १७८० मध्ये ब्रन्सविक येथे एक युद्धखेळ रचला. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून राइस्विट्सचा क्रीग्जश्पील हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात आला. प्रसिद्ध विज्ञानकथालेखक एच्. जी. वेल्स (१८६६–१९४६) याने लिटल वॉर्स (१९१३) ह्या पुस्तकात शिशाच्या शिपायांनी घरगुती लढाया खेळण्याचे नियम सांगितले. मंगळावरून येणाऱ्या आक्रमकांची कल्पना ज्याने इंग्रजी वाचकांच्या मनावर ठसविली, त्याच लेखकाच्या ह्या खेळात मंगळवासीयांना स्थान नव्हते, ही गोष्ट लक्षणीय आहे. परग्रहावरील शत्रू खेळाच्या मेजावर आला तो सरळ विज्ञानकथेतून नव्हे, तर अद्भुतिकेच्या आडवाटेने. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व जेफ पेरेन यांच्या चेनमेल (१९७१) ह्या मध्ययुगीन लढायांच्या नियमावलीस अद्भुतिकेची एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यातील कल्पनांच्या आधारे गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन (१९४७–२००९) यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) हा भूमिका-खेळ सिद्ध केला. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) ह्या इंग्रज लेखकाच्या कृतींचे हक्क असणाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर ह्या खेळातील ‘हॉबिट’ हा शब्द मागे घेण्यात आला व त्याच्या जागी ‘हाफलिंग’ आला. शब्द बदलला, बुटकी आकृती तीच राहिली. पुढील पन्नास वर्षांत ह्याच प्रकाराची अनेकदा पुनरावृत्ती झाली.

टॉल्किन स्वतःही उसनवारी करणाराच होता. त्याच्या द हॉबिट (१९३७) मधील बहुतेक ड्वॉर्फांची नावे प्राचीन आइसलँडिक काव्यातील ड्वॉर्फांच्या नामावलीतून घेतलेली आहेत. स्नॉरी स्टर्लसन (११७९–१२४१) याच्या एड्डा ग्रंथात उज्ज्वल एल्फ व कृष्ण एल्फ असे दोन भेद आढळतात. ‘ऑर्क’ ह्या शब्दाचा माग बेवुल्फ ह्या अँग्लो-सॅक्सन महाकाव्यापर्यंत लागतो. परंतु पुराणकथांतील हे प्राणी अस्पष्ट, स्थलपरत्वे बदलणारे आणि बहुधा एकेकटे भेटणारे होते. टॉल्किनने द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५) मध्ये त्यांना भाषा, वंशावळ, इतिहास व प्रदेश दिला. म्हणजेच त्यांची राष्ट्रे बनविली. राष्ट्र म्हटले की सैन्य आले, आणि सैन्य आले की युद्धखेळ रचणाऱ्याचे निम्मे काम झाले. परीकथेतील एकुलती एक पिशाच्चिका मेजावर मांडून उपयोग नसतो. तेथे रांगा लागतात.

गेम्स वर्कशॉपची स्थापना १९७५ मध्ये लंडन येथे झाली. तिच्या साहाय्याने १९७९ मध्ये न्यूआर्क-ऑन-ट्रेंट येथे सिटाडेल मिनिएचर्स हा धातूच्या लघुमूर्ती ओतणारा कारखाना निघाला. ह्या मूर्तींचा खप वाढावा म्हणून ब्रायन ॲन्सेल, रिचर्ड हॅलिवेल व रिक प्रीस्टली यांनी वॉरहॅमर (१९८३) हा अद्भुतिकेतील लढायांचा खेळ तयार केला. चार वर्षांनी प्रीस्टलीने लिहिलेला वॉरहॅमर ४०,००० बाजारात आला, तेव्हा जुन्या खेळातील वंशांची मोठी मिरवणूकच त्यात सामील झाली. यामागील व्यावहारिक कारण दुर्लक्षून चालणार नाही. खेळाडूंच्या फळ्यांवर ऑर्कांच्या व एल्फांच्या मूर्ती आधीच होत्या, मूर्तिकारांचे हात त्याच आकृत्यांना सरावलेले होते, आणि कुऱ्हाडीच्या जागी बंदूक बसविणे हे नवा प्राणी घडविण्यापेक्षा सोपे होते. त्या काळच्या खेळाडूंना घरगुती वस्तूंपासून रणगाडे बनविण्याचेही मार्गदर्शन मिळे. अत्तरकांडीच्या रिकाम्या नळीपासून केलेले तरंगते युद्धवाहन त्या पिढीत विशेष गाजले. साहित्यविषयक हेतू नंतर आला, साचे आधी होते. मात्र ही उत्पत्ती बाजारी असली, तरी तीवरून फलिताची किंमत ठरविणे योग्य नव्हे. नाटककाराने कंपनीत उपलब्ध असलेल्या नटांसाठी भूमिका लिहाव्या आणि त्यांतून एखादी अविस्मरणीय निघावी, तसेच येथे काही वंशांच्या बाबतीत घडले.

ऑर्क हा ह्या पुनर्रचनेचा सर्वांत यशस्वी आणि म्हणूनच सर्वांत अडचणीचा नमुना होय. टॉल्किनच्या ऑर्कांविषयीचा एक प्रश्न त्याला स्वतःलाही अखेरपर्यंत सुटला नाही. ते बोलतात, आपापसांत भांडतात, वरिष्ठांविषयी कुरकुर करतात, युद्ध संपल्यावर धन्यापासून दूर कोठेतरी जाऊन राहण्याचे बेतही करतात. म्हणजे त्यांना विचारशक्ती आहे. विचारशक्ती असेल तर सुधारणेची शक्यता आहे, आणि ती असेल तर त्यांची सरसकट कत्तल न्याय्य कशी ठरते? दुष्ट शक्तीला नवनिर्मिती करता येत नाही, ती फक्त विकृती घडवू शकते, अशी कॅथलिक पंथीय टॉल्किनची धारणा होती. त्यामुळे ऑर्क हे पकडून छळलेल्या एल्फांपासून बनविलेले असावेत, असे मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या द सिल्मरिलियन (१९७७) ह्या ग्रंथात सुचविले आहे. त्यांची प्रजा इतर बुद्धिमान सजीवांप्रमाणेच वाढते, असेही तेथे म्हटले आहे. तेव्हा कोठेतरी ऑर्कांच्या आया आणि मुले असलीच पाहिजेत. कथेत मात्र ती दिसत नाहीत. उत्तरायुष्यातील टिपणांत टॉल्किनने ही उपपत्ती पुनःपुन्हा बदलून पाहिली. याखेरीज त्याने १९५८ मधील एका पत्रात ऑर्कांच्या चेहऱ्याचे वर्णन करताना यूरोपीयांना कुरूप वाटणाऱ्या मंगोल चेहऱ्यांशी त्यांचे साम्य दाखविले असल्याने, ह्या कल्पित वंशावर प्रत्यक्षातील वंशद्वेषाची सावली पडली आहे, असा आक्षेप अनेक टीकाकारांनी घेतला आहे.

वॉरहॅमर ४०,००० ने हा प्रश्न जीवशास्त्राने सोडविला. किंवा अधिक काटेकोरपणे सांगायचे तर, जीवशास्त्राच्या आडोशाने टाळला. १९९७ मध्ये निघालेल्या गोर्कामोर्का ह्या उपखेळाच्या सुमारास स्थिर झालेल्या कल्पनेनुसार ऑर्क हा कवकवर्गीय जीव आहे. कवक व शैवल यांच्या सहजीवनातून जसे दगडफूल बनते, तसाच काहीसा त्याचा देह असून त्वचेचा हिरवा रंग त्यातील शैवलामुळे येतो. त्याच्या शरीरातून बीजुके गळतात, ती जमिनीत रुजतात आणि त्यांतून ऑर्क, त्यांचे दुबळे नोकर ग्रेचिन, त्यांहून क्षुद्र स्नॉटलिंग आणि खाण्याजोगे स्क्विग असे एक संपूर्ण जीवनचक्रच उगवते. यंत्रविद्या व शस्त्रक्रिया यांचे ज्ञान काही ऑर्कांच्या पेशींतच जन्मतः असते. त्यामुळे शाळा लागत नाही. युगानुयुगांपूर्वी एका प्राचीन वंशाने त्यांना युद्धासाठीच घडविले, असे ह्या खेळाचा कल्पित इतिहास सांगतो. एका फटक्यात आया, मुले, शिक्षण, शेती आणि पश्चात्ताप हे सर्व विषय संपले. युद्धखेळाच्या दृष्टीने हे उत्तर अप्रतिम आहे. पराभूत ऑर्कांची सेना पुन्हा का उभी राहते, तिला रसद कशी मिळते, तिची भंगारातून जोडलेली यंत्रे कशी चालतात, या प्रत्येकाचे कारण त्यात अंतर्भूत आहे. ऑर्कांची श्रद्धाच त्यांच्या यंत्रांना बळ देते ही कल्पना नियमांतही उतरली. लाल रंगाची गाडी अधिक वेगाने धावते असे ऑर्क मानतात, म्हणून काही आवृत्त्यांत लाल रंगविलेल्या ऑर्क वाहनास एक इंच अधिक चाल मिळत असे. मूर्ती रंगविणे, कथा आणि नियम ह्या तीन गोष्टी इतक्या सहज एकत्र आल्याचे दुसरे उदाहरण ह्या खेळात क्वचितच सापडेल.

वंशद्वेषाचा आक्षेप हिरव्या रंगाने बराचसा निष्प्रभ केला, कारण हिरवा माणूस पृथ्वीवर नाही. परंतु एका दाराने बाहेर घालविलेला पूर्वग्रह दुसऱ्या दाराने आत आला. हे ऑर्क लंडनच्या श्रमिक वस्तीतील इंग्रजी बोलतात. त्यांच्या टोळ्यांवर १९८० च्या दशकातील फुटबॉलच्या दंगेखोर प्रेक्षकांची छाप स्पष्ट आहे. टॉल्किनच्या ऑर्कांच्या तोंडीही खालच्या थरातील शिपायांची बोली आहेच. फरक असा, की तेथे ती तिरस्काराची खूण होती, तर येथे ती विनोदाची आणि बऱ्याच अंशी आपुलकीची झाली आहे. ह्या विश्वात मनापासून आनंदी असणारे ऑर्कच काय ते आहेत; बाकी सर्व वंश भय, शोक वा कर्तव्य यांच्या ओझ्याखाली वाकलेले आहेत. तरीही हसणारा हा नेहमी वरच्या पायरीवर उभा राहून हसत असतो, हे विसरून चालत नाही.

ऑर्कांच्या बाबतीत कारण पुरविल्याने नैतिक प्रश्न विझला. एल्फांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. ह्या खेळात त्यांना एल्डार असे नाव मिळाले. हे नाव टॉल्किनचेच आहे. त्याच्या कल्पित भाषेत त्याचा अर्थ ‘ताऱ्यांचे लोक’ असा होतो, तेव्हा अंतराळात भटकणाऱ्या वंशाला ते मूळ ठिकाणापेक्षाही अधिक शोभते, असे म्हणावे लागेल. आरंभीच्या ग्रंथात एल्डार हे मुख्यतः चाचे व भाडोत्री योद्धे होते. कुऱ्हाडीऐवजी बंदूक देण्याच्या पद्धतीचाच तो प्रकार होता. १९९० च्या सुमारास मूर्तिकार जेस गुडविन व त्याचे सहकारी यांनी त्यांना नवे रूप दिले. ह्या कल्पनेप्रमाणे एल्डार हे एकेकाळी आकाशगंगेचे स्वामी होते. श्रम व अभाव यांपासून मुक्त झाल्यावर ते विलासात बुडाले आणि पिढ्यानपिढ्यांच्या त्या उपभोगातून स्लानेश नावाची एक देवता जन्मास आली. तिने जन्मतःच बहुतेक वंश गिळून टाकला. उरलेले क्राफ्टवर्ल्ड नावाच्या प्रचंड नौकांत राहतात. मृत्यूनंतर आत्मा त्या देवतेच्या मुखी पडू नये म्हणून प्रत्येकजण छातीवर एक रत्न बाळगतो आणि त्याचा आत्मा त्यात साठविला जातो. तीव्र भावनांनीच आपला घात केला असे मानून प्रत्येक एल्डार एका वेळी एकच मार्ग स्वीकारतो, मग तो शिल्पाचा असो, भविष्यदर्शनाचा असो वा युद्धाचा; आणि तो पूर्ण झाला की सोडून देतो. ज्याला सोडता येत नाही, तो त्या मार्गात कायमचा अडकतो.

टॉल्किनच्या एल्फांचा शोक हा काळाविषयीचा आहे. ते अमर असून जग मात्र झिजत आहे, म्हणून ते पश्चिमेकडे निघून जातात. तेथे बंदर आहे आणि पलीकडे किनाराही आहे. एल्डारांकडे नौका आहेत, बंदर नाही. शिवाय त्यांचा ऱ्हास नियतीने आणलेला नसून स्वतः ओढवून घेतलेला आहे. शोकाच्या जागी अपराधाची जाणीव आल्याने हा वंश मूळ कल्पनेपेक्षा मानवी अवस्थेच्या अधिक जवळ येतो. विलासी, क्रूर व अस्तास चाललेल्या प्राचीन साम्राज्याची कल्पना मायकेल मूरकॉक (ज. १९३९) याच्या एल्रिक कथांतील मेलनिबोनेशी नाते सांगते, टॉल्किनचे नाव धारण करणारा हा वंश आशयाने टॉल्किनच्या एका कठोर टीकाकाराचा ऋणी आहे, ही गंमतीची गोष्ट होय. नियमांच्या दृष्टीनेही ही रचना फलदायी ठरली. युद्धाच्या मार्गावरील प्रत्येक पंथ एकाच प्रकारच्या लढाईत निष्णात असतो. आयरिश लोककथांतील आक्रोश करणाऱ्या स्त्रीपिशाच्चावरून नाव घेतलेल्या बॅन्शी जवळच्या झुंजीत तरबेज असतात, तर कृष्णवेषधारी रीपर दुरून संहार करतात. त्यामुळे चुकीच्या जागी गेलेली तुकडी निरुपयोगी ठरते. एकाग्रता हेच सामर्थ्य आणि तीच मर्यादा, हे तत्त्व खेळाडूला वाचून नव्हे, तर हरून कळते. सैनिक कमी पडले की मृतांची आत्मरत्ने यंत्रदेहांत बसवून त्यांना पुन्हा लढण्यास उठविले जाते. एल्डार ह्याकडे अत्यंत जड अंतःकरणाने पाहतात. १९९८ मध्ये ह्या वंशाची दुसरी शाखा, म्हणजे जुना विलास न सोडता इतरांच्या यातनांवर जगणारे डार्क एल्डार, दाखल झाली. स्नॉरीच्या दुहेरी विभागणीचा हा दूरचा प्रतिध्वनी म्हणता येईल. पण पहिल्या शाखेच्या संयमाला ज्या मोहाची पार्श्वभूमी आहे तो मोह ह्या शाखेत प्रत्यक्ष दिसत असल्याने, ही भर केवळ काळा रंग फासण्याइतकी उथळ राहिली नाही.

ड्वॉर्फांचे मात्र बराच काळ हसे झाले. १९८७ मध्ये ते स्क्वाट ह्या नावाने आले. इंग्रजीत हा शब्द बुटक्या-जाड्या बांध्याचा वाचक असल्याने नामकरणातच थट्टा होती. त्यांच्या बुटकेपणाला कारण दिलेले होते: आकाशगंगेच्या मध्याजवळील प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहांवर खाणकाम करण्यासाठी गेलेल्या मानवांचे ते वंशज होत. कारण शास्त्रीय थाटाचे आहे, पण त्यातून पुढे काहीच निघत नाही. त्यांची दाढी, बिअर, हट्टीपणा, पूर्वजांविषयीचा आदर व अपमान न विसरण्याची वृत्ती ही सारी जुन्या ड्वॉर्फाकडून जशीच्या तशी आली. भर पडली ती मोटारसायकलीची. १९९० च्या दशकात स्क्वाट खेळातून हळूहळू अदृश्य झाले आणि दुसऱ्या एका परग्रहीय वंशाने त्यांना खाऊन टाकले, असे स्पष्टीकरण रूढ झाले. ड्वॉर्फ ह्या आदिरूपाला न्याय देणारी कल्पना आपल्याला सुचली नाही, अशी कबुली संस्थेच्या एका ज्येष्ठ खेळरचनाकाराने नंतर दिली. तीत तथ्य आहे.

पंचवीस वर्षांच्या आसपास खेळाडूंनी ह्या नष्ट वंशाची आठवण थट्टेच्या व तक्रारीच्या सुरात जागती ठेवली आणि १ एप्रिल २०२२ रोजी त्याच्या पुनरागमनाची घोषणा झाली. तारखेमुळे अनेकांना ती थापच वाटली. लीग्ज ऑफ व्होटान ह्या नावाने आलेल्या ह्या नव्या रूपात जुन्या प्रत्येक लक्षणाला काम दिलेले आहे. पूर्वजपूजा राहिली, पण पूर्वज म्हणजे आता वसाहतकाळापासून चालत आलेली अतिप्राचीन विचारयंत्रे होत. त्यांत मृतांची स्मृती साठत जाते आणि त्या भारानेच ती मंद होत चालली आहेत. वंशज हे जन्म घेत नाहीत, कामाच्या गरजेनुसार जनुकांच्या ठरावीक साच्यांतून घडविले जातात. अपमानाची वही ठेवण्याची ड्वॉर्फांची ख्याती नियमात उतरली. आरंभीच्या नियमांत ज्या शत्रूने आपले नुकसान केले त्याच्या नावापुढे खुणा पडत आणि त्याच्यावरील मारा अधिक प्रभावी होई. दाढ्या पूर्वीपेक्षा आखूड आहेत, यावरही काही काळ वाद झाला. जुना ड्वॉर्फ सुवर्णाचा लोभी होता, हा त्याच खाणीतून आलेला कंत्राटदार आहे. ग्रहच्या ग्रह ओरबाडून नेताना त्याला त्यात वावगे काही वाटत नाही. ही कल्पना अजून नवी असून तिची पूर्ण शक्यता आजमावली गेलेली नाही.

इतर वंशांविषयी थोडक्यात सांगता येईल. हाफलिंग हे रॅटलिंग बनले व मानवी सैन्यात नेमबाज म्हणून राहिले. टॉल्किनच्या हॉबिटांचा दगड नेमका मारण्याचा गुण येथे बंदुकीत उतरला. ओगर हे ओग्रिन झाले. थडग्यांतून उठणारी प्रेते धातूचा सांगाडा धारण करून नेक्रॉन झाली आणि २०११ च्या आवृत्तीत त्यांना राजवंश व दरबार मिळाल्यावर त्यांचे प्राचीन ईजिप्तशी असलेले नाते अधिक उघड झाले. बेडकासारखे स्लान आरंभी होते, पुढे लुप्त झाले. ज्यांचे मूळ अद्भुतिकेत नाही असे टिरानिड आणि २००१ मध्ये आलेले टाऊ हे वंश मात्र वेगळ्या जातकुळीचे आहेत.

नावांचा एक निराळा इतिहास आहे. ‘ऑर्क’ हा शब्द रोमन लिपीत शेवटचे अक्षर बदलून लिहिण्याची ह्या खेळाची पद्धत पहिल्यापासून आहे. पण २०१० च्या दशकात, विशेषतः मूर्तींच्या सुट्या भागांवरून अमेरिकेत चाललेल्या व २०१३ मध्ये ज्यूरीपुढे गेलेल्या एका खटल्यानंतर, जुनी सर्वसामान्य नावे मागे पडून घडीव नावे पुढे आली. एल्डारांचे एल्डारी झाले. अद्भुतिकेचा जुना वॉरहॅमर २०१५ मध्ये बंद करून काढलेल्या एज ऑफ सिग्मार ह्या खेळात तर एल्फ, ड्वॉर्फ व ऑर्क यांना अनुक्रमे एल्फशी उच्चारसाम्य असणारे पण निराळ्या वर्णलेखनाचे नाव, ड्युआर्डिन आणि ओरुक म्हणण्यात आले. शतकानुशतके कोणाच्याच मालकीचा नसलेला शब्द कोणाला आपल्या नावे नोंदविता येत नाही, हे यामागील कारण असावे असे सामान्यतः मानले जाते. लोककथेचे सामायिक धन घेऊन त्याभोवती कुंपण घालण्याचा हा खटाटोप साहित्यदृष्ट्या निष्फळ ठरला आहे. खेळाडू बोलताना अजूनही एल्फ व ऑर्कच म्हणतात.

ह्या सर्व वंशांच्या मध्यभागी मानवाचे साम्राज्य आहे आणि खरा पेच तेथेच आहे. मृतप्राय सम्राटाच्या सिंहासनासाठी रोज हजार माणसांचा बळी देणारे, प्रश्न विचारणाऱ्यास पाखंडी ठरविणारे आणि प्रत्येक परकीय वंशाचा उच्छेद हे पुण्य मानणारे हे राज्य मुळात उपहासासाठी कल्पिलेले आहे. फ्रँक हर्बर्टच्या ड्यून (१९६५) मधील सरंजामी अंतराळ आणि २००० ए. डी. ह्या ब्रिटिश चित्रकथा-साप्ताहिकातील धर्मांध मानवी सत्तेची व्यंगचित्रे यांचा त्यावर परिणाम झालेला आहे. टॉल्किनच्या जगात माणसे, एल्फ व ड्वॉर्फ एकत्र येऊन दुष्टाशी लढतात. येथे ती मैत्री मुद्दाम मोडून काढली आहे. पण उपहास परिणामकारक व्हावयाचा, तर द्वेष करणारा चुकीचा आहे असे विश्वातील वस्तुस्थितीने दाखविले पाहिजे. ऑर्क जर पेशीपेशीतून युद्धासाठीच घडलेला असेल, टिरानिड जर केवळ भूक असेल, तर साम्राज्याचा द्वेष हा द्वेष न राहता व्यवहारज्ञान ठरतो. वंशाला जीवशास्त्रीय कारण देण्याची जी युक्ती खेळाला इतकी उपकारक झाली, तीच त्याच्या उपहासाची धार बोथट करते. एल्डार व टाऊ यांच्याशी वाटाघाटी होऊ शकतात, त्यांचे शब्द खरे ठरू शकतात, म्हणूनच त्यांच्याविरुद्ध केलेल्या कत्तलीत साम्राज्याचा खरा चेहरा दिसतो. टाऊंना नंतरच्या आवृत्त्यांत अधिकाधिक काळोखी छटा देण्यात आल्या, त्याने विश्वाचा एकसूरीपणा वाढला, उपहास वाढला नाही. स्पेनमधील एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे धारण करून आल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये, मानवी साम्राज्य हे आदर्श नसून उपहासाचा विषय आहे, असे गेम्स वर्कशॉपला निवेदनाद्वारे जाहीर करावे लागले. उपहासाला निवेदनाची गरज पडावी, यातच कृतीतील उणीव दिसून येते.

इतरत्र हाच वारसा निरनिराळ्या प्रकारे वापरला गेला. मँटिक ह्या ब्रिटिश संस्थेच्या वॉरपाथ (२०११) मध्ये फोर्ज फादर हे अंतराळातील ड्वॉर्फ आहेत. रचना सफाईदार असली, तरी वेषांतराच्या पलीकडे ती फारशी जात नाही. स्टारक्राफ्ट (१९९८) ह्या संगणकीय खेळातील प्रोटॉस हे मनःसामर्थ्य असलेले गर्विष्ठ प्राचीन लोक एल्फांचे दूरचे आप्त म्हणता येतील. सर्वांत वेगळा मार्ग अमेरिकेतील शॅडोरन (१९८९) ह्या भूमिका-खेळाने धरला. तो युद्धखेळ नसला, तरी ह्या विषयाच्या संदर्भात त्याचा निर्देश आवश्यक आहे. त्यात भविष्यकाळातील पृथ्वीवर जादू परतते आणि सामान्य मानवी दांपत्यांच्या पोटी एल्फ व ड्वॉर्फ मुले जन्मू लागतात. पुढे काही प्रौढ माणसांचे ऑर्क व ट्रोल यांत रूपांतर होते. येथे ऑर्काला आई असते, शेजारी असतात, भाड्याचे घर नाकारणारा मालकही असतो. रणांगणावर अशा ऑर्काला मारणे अवघड जाते आणि त्यामुळे युद्धखेळाला ही कल्पना सोयीची नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सनेही उशिरा याच दिशेने पाऊल टाकले. २०२४ च्या खेळाडू-ग्रंथात ‘वंश’ ह्या शब्दाऐवजी ‘प्रजाती’ हा शब्द योजला असून, अर्ध-ऑर्क वगळून ऑर्क हाच खेळाडूने स्वीकारावयाच्या मूळ प्रजातींमध्ये समाविष्ट केला आहे.